चार पाय, बारा सांधे

१५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचं संचलन पुण्यात झालं, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर. हा मान शहराला पहिल्यांदाच मिळाला. जवानांच्या तुकड्यांबरोबर त्या दिवशी चार पायांची यंत्रंही संचलनात चालत गेली. सैन्यात त्यांना रोबोटिक म्यूल म्हणतात. अवघड वाटांवर सामान वाहायचं आणि पुढे जाऊन टेहळणी करायची, हे त्यांचं काम. मग दोन-अडीच महिन्यांत आयपीएल सुरू झालं आणि मैदानात कॅमेरा घेऊन पळणारा रोबो-कुत्रा घराघरांतल्या टीव्हीवर दिसू लागला. चाहत्यांच्या मतदानातून त्याचं नाव 'चंपक' ठरलं.

या दोन दर्शनांमुळे बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. चार पायांचं यंत्र एक तर सैन्याचं, नाही तर बड्या कंपनीचं, आपण फक्त लांबून बघायचं. हा समज खोडून काढावा म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. असली यंत्रं आज घरात बनतात. नोकरी सांभाळून, पगारातून पैसे बाजूला काढून, रात्री जेवणं झाल्यावर बनतात. आणि ती बनू शकतात याचं कारण केवळ सुटे भाग स्वस्त झाले हे नाही. ज्यांनी आधी बनवली त्यांनी आपले आराखडे जगापुढे मोकळे केले, हे खरं कारण आहे.

असा एक कुत्रा मी जवळून पाहिला तो कर्वेनगरला, ताईच्या घरी. माझा भाचा दिवसभर सॉफ्टवेअर कंपनीत असतो आणि रात्री त्याच्या खोलीत थ्रीडी प्रिंटर चालू असतो. ताईचं जुनं शिवणयंत्राचं टेबल आता त्याचं कामाचं टेबल झालं आहे. त्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या मांड्या, नडग्या, खुब्याचे कप्पे ओळीने मांडलेले. स्क्रू, कनेक्टर, जाड वायर हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेलं. मुंबईकर त्यासाठी लॅमिंग्टन रोडला जातात. पावलांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून चिकटवलेले, कारण गुळगुळीत टाइल्सवर नुसतं प्लास्टिक घसरतं.

हा आराखडा त्याने स्वतः काढलेला नाही. त्याचं नाव स्पॉटमायक्रो. बोस्टन डायनॅमिक्स या अमेरिकी कंपनीच्या 'स्पॉट'सारखा दिसणारा, पण हातात उचलता येईल एवढा हा कुत्रा २०१९ च्या सुमारास थिंगिव्हर्स या थ्रीडी आराखड्यांच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला ठेवला गेला. तेव्हापासून जगभरच्या लोकांनी तो उतरवून घेतला, त्यात सुधारणा केल्या आणि त्या सुधारणाही परत खुल्या टाकल्या. खऱ्या 'स्पॉट'ची किंमत २०२० साली विक्रीला आला तेव्हा ७४,५०० डॉलर होती. भाच्याच्या कुत्र्याचा खर्च एका बऱ्या मोबाइलइतका येईल.

प्रत्येक पायाला तीन सांधे असतात. पाय बाजूला फाकवणारा खुबा, मांडी पुढे-मागे नेणारा सांधा आणि गुडघा. चार त्रिक बारा. या बारा सांध्यांत बारा सर्वो मोटारी बसतात. सर्वो म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. तिच्यात छोटी डीसी मोटार, दातेरी चाकांची माळ, सांध्याचा कोन मोजणारा एक पोटेन्शिओमीटर आणि एवढंसं सर्किट असतं. तिला सेकंदाला पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवायचा. ठोका साधारण दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मधोमध राहतो, कमी-जास्त केला की इकडे किंवा तिकडे वळतो. बारा मोटारींना असे ठोके वेळेवर द्यायचं काम पीसीए ९६८५ नावाचं एक छोटं बोर्ड करतं, आणि कोणाला किती हे ठरवतो रास्पबेरी पाय किंवा ईएसपी ३२ यांसारखा छोटा संगणक.

ऐकायला सोपं वाटतं. पण मी गेलो त्या रात्री भाचा कुत्र्याला चालवत नव्हता, नुसता नीट उभा करत होता. सर्वोच्या दांड्याला २५ दाते असतात. त्यावर पायाची पट्टी बसवताना ती एका दात्याने इकडे बसते किंवा तिकडे, आणि एक दाता म्हणजे १४.४ अंश. हवा तो कोन दोन दात्यांच्या मध्ये पडला की सात अंशांपर्यंत फरक राहतो. तो मग प्रोग्राममध्ये आकडा घालून काढायचा. एका सांध्यात सात अंश म्हणजे काही फार नाहीत, पण बारा सांध्यांत मिळून कुत्रा एका कुशीवर कलतो. भाचा कोनमापक धरून एकेक सांधा तपासत होता, वहीत आकडे लिहीत होता. बारा ओळी, प्रत्येक ओळीत एक अधिक किंवा उणे संख्या. "मामा, ही वही हरवली तर कुत्रा लंगडा," असं म्हणून त्याने तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

त्यानंतर त्याने मला एक गणित करून दाखवलं. ते इथे मुद्दाम देतो, कारण घरगुती कुत्र्यांचं सगळं दुखणं त्यात आहे. कुत्र्याचं वजन बॅटरी धरून अडीच किलो. दुडक्या चालीत एका वेळी दोनच पाय जमिनीवर असतात, म्हणजे एका पायावर सव्वा किलो. गुडघा वाकलेला असताना पाऊल गुडघ्याच्या उभ्या रेषेपासून साधारण साडेसात सेंटिमीटर लांब पडतं. सव्वा गुणिले साडेसात, म्हणजे सुमारे ९.४ किलो-सेंटिमीटर एवढा पीळ त्या गुडघ्याच्या मोटारीला सोसायचा. आता बाजारात भरपूर खपणारी एमजी ९९६ आर ही सर्वो घ्या. साधारण तीनशे-चारशे रुपयांना मिळणाऱ्या या मोटारीच्या माहितीपत्रकात ४.८ व्होल्टला कमाल पीळ लिहिलेला असतो तो बरोबर ९.४. कमाल म्हणजे ज्या जोराला मोटार जागीच थांबते तो. रोजच्या वापरात तिच्याकडून त्याच्या निम्मंसुद्धा मागू नये. म्हणजे हा कुत्रा चालू लागतो त्याच क्षणी त्याचे गुडघे शिगेला पोचलेले असतात. मोटारी तापतात, आतली चाकं झिजतात, प्लास्टिकला वास येऊ लागतो.

मग भारी सर्वो घ्यावी, वीस किलो-सेंटिमीटरवाली? घेतात लोक. भाच्यानेही गुडघ्यांसाठी घेतल्या. पण त्याचं त्यावरचं म्हणणं मला पटलं. "मोटार वाढवली की करंट वाढतो, करंट वाढला की बॅटरी वाढते, बॅटरी वाढली की वजन वाढतं आणि वजन वाढलं की परत मोटार. वजन कमी करणं हाच खरा उपाय." म्हणून त्याने मांड्यांचं प्लास्टिक आतून पोकळ जाळीचं केलं आणि बॅटरी बरोबर पोटाच्या मध्यावर आणली. विजेचं प्रकरण तर वेगळंच आहे. एक एमजी ९९६ आर अडकून बसली तर अडीच अँपिअर ओढते. बाराही एकदम अडल्या तर तीस. घरातल्या मोबाइल चार्जरच्या हिशोबाने चालणाऱ्याला हा आकडा धक्का देतो. बारा मोटारींनी एकदम जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं आणि मेंदूचं काम करणारा रास्पबेरी पाय बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कुत्रा चालता चालता मट्‌कन खाली बसतो. यावर उपाय म्हणजे मेंदूची वीज आणि स्नायूंची वीज वेगळी ठेवणं. दोघांना वेगवेगळे कन्व्हर्टर लावायचे आणि फक्त ग्राउंड एकच ठेवायचं.

हे सगळं झालं तरी सर्वोचा एक दोष उरतोच, आणि तो पैशाने जात नाही. सर्वो हुकूम पाळते पण काही कळवत नाही. "तीस अंशाला जा" म्हटलं की ती जाते, किंवा जायला धडपडते. वाटेत दगड आला, पाऊल टेकलं, कोणी पाय धरला, यातलं काहीच मेंदूपर्यंत पोचत नाही. शिवाय तिच्या आतल्या मोटारीचे साधारण दोनशे-तीनशे फेरे झाले की बाहेरचा दांडा एकदा फिरतो. इतका मोठा गिअर रेशो असला की बाहेरून दांडा फिरवणं जवळपास अशक्य होतं. बंद मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवून ढकलून बघा आणि मग टॉप गिअरमध्ये ढकलून बघा. फरक हाताला कळेल. जिवंत प्राण्याचा पाय जमिनीवर आपटला की थोडा दबतो, धक्का गिळतो. सर्वोचा पाय धक्का गिळत नाही, तो सगळा चाकांच्या दात्यांवर येतो.

मोठ्या यंत्रांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

पायांवर चालणाऱ्या यंत्रांच्या शास्त्रात मार्क रायबर्ट हे नाव सर्वांत वरचं. १९८० साली कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी 'लेग लॅब' सुरू केली. तेव्हा चालणारी यंत्रं बनवणारे बहुतेक लोक चार किंवा सहा पायांची, अतिशय सावकाश चालणारी यंत्रं बनवत. एका वेळी किमान तीन पाय जमिनीवर ठेवायचे आणि वजनाचा मध्य त्या तीन पावलांच्या त्रिकोणात ठेवायचा, म्हणजे यंत्र पडत नाही. रायबर्ट यांनी उलट दिशा धरली. त्यांनी एकाच पायाचं यंत्र बनवलं. एका पायावर उभं राहताच येत नाही, त्यामुळे ते सतत उड्या मारत राहायचं. तोल सांभाळायचा तो उडी मारता मारताच. त्यातून त्यांना जे सापडलं ते थक्क करणारं होतं. उडीची उंची, पुढे जाण्याचा वेग आणि धडाचा कल या तीन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येतात. आणि वेगाची किल्ली आहे पाऊल कुठे टाकायचं यात. शरीर ज्या दिशेला पडतंय, त्या दिशेला पाऊल टाका. जास्त वेगाने पडत असेल तर जास्त लांब टाका. १९८६ साली त्यांनी 'लेग्ड रोबोट्स दॅट बॅलन्स' हे पुस्तक लिहून हे सगळं मांडून ठेवलं. आज कर्वेनगरच्या खोलीतला कुत्रा ढकलल्यावर एक पाऊल बाजूला टाकतो, ते याच सूत्राने. प्रोग्राममध्ये ते दोन-तीन ओळींत बसतं.

रायबर्ट पुढे एमआयटीत गेले आणि १९९२ साली त्यांनी बोस्टन डायनॅमिक्स काढली. २००५ चा 'बिगडॉग' तिथला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर बनलेला, पेट्रोल इंजिनाने हायड्रॉलिक पंप चालवणारा, शंभर किलोच्या वर वजनाचा. बर्फावर घसरताना सावरणारा त्याचा व्हिडिओ पाहून अनेक तरुणांनी आयुष्याचा रस्ता ठरवला असेल. त्याच्या पुढच्या अवतारावर मात्र अमेरिकी मरीन दलाने २०१५ मध्ये काट मारली. कारण साधं होतं. इंजिनाचा आवाज इतका मोठा की शत्रूला सैनिकांच्या आधी यंत्राचा पत्ता लागेल. हायड्रॉलिकला जोर प्रचंड, पण घरात आणायचं तर अशक्य. तेलाची गळती, दाब, इंजिन. तो रस्ता हौशी माणसासाठी बंदच होता.

दार उघडलं ते विजेच्या मोटारीने. ड्रोन आणि रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यांच्या विमानांमुळे ब्रशलेस मोटारी स्वस्त झाल्या होत्या. चपट्या, थाळीसारख्या या मोटारी वजनाच्या मानाने भरपूर पीळ देतात. एमआयटीत संगबे किम यांच्या प्रयोगशाळेत 'चीता' नावाचे रोबो बनत होते. तिथल्या बेन कॅट्झ या विद्यार्थ्याने अशीच एक मोटार घेतली, तिच्या पोटात फक्त सहाला एक असा छोटा गिअर बसवला, मागे कोन मोजणारं सेन्सर आणि नियंत्रणाचं सर्किट लावलं. झाला एक सांधा. गिअर छोटा असल्यामुळे हा सांधा हाताने सहज मागे ढकलता येतो. मोटारीत किती करंट वाहतोय हे मोजलं की पावलावर किती जोर येतोय ते कळतं, तळव्याला वेगळं सेन्सर लावावं लागत नाही. म्हणजे सांध्याला जमीन 'लागते'. कॅट्झचा त्यावरचा प्रबंध २०१८ चा. अशा बारा सारख्या सांध्यांचा, नऊ किलो वजनाचा 'मिनी चीता' मार्च २०१९ मध्ये जगासमोर आला आणि उभ्या उभ्या मागे कोलांटी मारणारा पहिला चौपायी रोबो ठरला.

माझ्या मते या संपूर्ण कथेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण ती कोलांटी नाही. कॅट्झने सांध्याची रचना, सर्किट आणि प्रोग्राम लपवून ठेवला नाही, हा आहे. काही वर्षांत तशाच रचनेच्या मोटारी चिनी विक्रेत्यांकडे तयार मिळू लागल्या. आज कोणीही, म्हणजे खरोखर कोणीही, एक सांधा मागवून टेबलावर फिरवू शकतो.

मिनी चीता आला त्याच वर्षी, त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने 'डॉगो' जाहीर केला. हा कुठल्याही प्राध्यापकाचा प्रकल्प नव्हता, मुलांनी हौसेने केलेला होता. प्रत्येक पायाला दोन अशा आठ मोटारी, पाच किलोच्या आत वजन, आणि सगळा खर्च तीन हजार डॉलरच्या आत. साडेतीन फूट उंच उडी मारायचा. सेकंदाला आठ हजार वेळा आपल्या पायांवरचा जोर तपासायचा आणि त्या हिशोबाने मोटारींना आपण स्प्रिंग आहोत असं वागायला लावायचा. मुलांनी नकाशे, सुट्या भागांची यादी आणि प्रोग्राम सगळं खुलं केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी खाली उतरून 'पपर' काढला. शाळकरी मुलांनाही जमेल असा, साध्या सर्वोंचा आणि रास्पबेरी पायचा. आज स्टॅनफर्डमध्ये पपर बनवून शिकवायचा अभ्यासक्रमही आहे.

या स्टॅनफर्डच्या जागेचा चौपायांशी संबंध फार जुना आहे. विद्यापीठ स्थापन होण्याआधी तिथे लीलंड स्टॅनफर्ड यांचा घोड्यांचा तबेला होता. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा त्यांचा प्रश्न. जून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत कॅमेऱ्यांची रांग लावून, घोड्याच्या धावेबरोबर एकामागून एक शटर उघडून त्याचं उत्तर दिलं. सुटतात. पाय उचलण्याच्या क्रमाच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली, आणि त्याच भूमीवर एकशे चाळीस वर्षांनी मुलांनी त्या क्रमाचे आकडे प्रोग्राममध्ये घातले.

तो क्रम आपल्यालाही रस्त्यावर बघता येतो. सावकाश चाललेला कुत्रा बघा. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, असे पाय एकामागून एक उचलतो. वेग वाढला की दुडकी सुरू होते, त्यात कर्णातले दोन पाय जोडीने उचलले जातात. भाच्याने आधी सावकाश चाल बसवली. त्यात तीन पाय कायम जमिनीवर असल्याने कुत्रा पडत नाही, पण धड डोलत डोलत पुढे जातं. मग दुडकी. त्यासाठी हवं ते गणित बारावीचं आहे. पाऊल अमुक ठिकाणी हवं असेल तर मांडी किती वळवायची आणि गुडघा किती, हे काढायला त्रिकोणमितीतला कोसाइनचा नियम पुरतो. मांडीची लांबी एक बाजू, नडगीची दुसरी, खुब्यापासून पावलापर्यंतचं अंतर तिसरी. तीन बाजू माहीत, कोन काढा. बोर्डाच्या परीक्षेत पाठ करून लिहिलेलं हे समीकरण एक पाय खरोखर पुढे टाकतं, हे बघून भाच्याला जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. आमच्या पिढीला हे गणित शिकवताना कुणी असा पाय दाखवला असता तर किती बरं झालं असतं!

ट्यूबचे तुकडे लावूनही टाइल्सवर पावलं घसरत होती म्हणून ताईने सतरंजी अंथरली. कुत्रा सतरंजीवर दुडक्या चालीने भिंतीपर्यंत गेला. मग भाच्याने एमपीयू ६०५० हे कल मोजणारं सेन्सर जोडलं. त्यातला जायरोस्कोप धड किती वेगाने कलतंय ते सांगतो आणि त्याप्रमाणे एका बाजूचे पाय लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड होतात. सतरंजीखाली वही सरकवली तरी पाठ सपाट राहिली. "मामा, आता हात लावून बघ," तो म्हणाला. मी पाठीवर तळहात ठेवून दाबलं. यंत्राने अंग आवरून तोल राखला, आणि सर्वोंची बारीक गुणगुण तळहाताला जाणवली.

आता संगणकाला चालायला 'शिकवण्याचा' मार्गही आला आहे. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की संगणकातल्या आभासी जगात हजारो रोबो एकदम सोडले, पडणाऱ्यांना शिक्षा आणि चालणाऱ्यांना बक्षीस अशी गुणपद्धत लावली, तर एका ग्राफिक्स कार्डावर सपाट जमिनीवरची चाल चार मिनिटांच्या आत तयार होते. हे तंत्र मोठं आहे आणि पुढे तेच चालेल. तरी नवशिक्याने आधी कोसाइनच्या नियमाने, हाताने एक चाल बसवावी असं माझं ठाम मत आहे. त्याशिवाय संगणकाने शिकलेली चाल कुठे आणि का चुकली हे कळत नाही.

हौसेतून काय उभं राहू शकतं याचं सर्वांत ठळक उदाहरण चीनमधलं आहे. वांग शिंगशिंग हा शांघाय विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. हायड्रॉलिक यंत्रांच्या त्या काळात त्याने प्रबंधासाठी ब्रशलेस मोटारींवर चालणारा 'एक्सडॉग' नावाचा छोटा कुत्रा बनवला. २०१६ मध्ये, ड्रोन बनवणाऱ्या कंपनीतली थोड्याच दिवसांची नोकरी सोडून, त्याने हांगचौ शहरात युनिट्री ही कंपनी काढली. २०२१ मध्ये या कंपनीने 'गो१' हा कुत्रा २,७०० डॉलरला विकायला काढला. आज जगातल्या प्रयोगशाळांत, आपल्याकडच्या महाविद्यालयांतसुद्धा, युनिट्रीचे कुत्रे दिसतात.

इथे मला काळजी वाटते. विकत आणलेला कुत्रा पहिल्या दिवशी धावतो, फोटो छान येतात, उद्‌घाटन होतं. पण तो उघडून आतला सांधा कसा बांधलाय, तो जमीन कशी ओळखतो, हे विद्यार्थ्याला कळत नाही. आणि कंपनीवर अवलंबून राहण्याचा शेवट काय होतो हे जपानने पाहिलं आहे. सोनीने १९९९ मध्ये 'आयबो' काढला, तेव्हा जपानमधले तीन हजार कुत्रे वीस मिनिटांत विकले गेले. २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही थांबली. लोकांनी आपल्या आयबोंवर जीव लावला होता. मग सोनीतून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांनी ए-फन नावाची कंपनी काढून दुरुस्ती सुरू केली. पण नवे भाग मिळेनात, म्हणून बंद पडलेल्या आयबोंचे भाग काढून चालत्यांना लावू लागले. ते काढण्याआधी चिबा प्रांतातल्या कोफुकु-जी मंदिरात त्या आयबोंसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. लोकांच्या त्या भावनेचा मला आदर आहे. पण आराखडे खुले असते तर त्यातले किती तरी कुत्रे आजही घरात फिरले असते.

आपल्याकडे हे करणारे हात नाहीत असं अजिबात नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिशिर कोलाथाया यांच्या गटाने 'स्टॉक' हा चौपायी रोबो थ्रीडी प्रिंटचे भाग, कार्बन फायबरच्या नळ्या आणि बाजारात मिळणाऱ्या सर्वो मोटारी वापरून बनवला, आणि त्यावर शोधनिबंध लिहून रचना सांगितली. आणि महाराष्ट्राचा रोबोकॉनशी जुना संबंध. आशिया-पॅसिफिक देशांची ही विद्यार्थी स्पर्धा पुण्यात दोनदा झाली, २००८ आणि २०१४ मध्ये. २००८ चा विषय तर गोविंदा, आपली दहीहंडी! २०१९ ची अंतिम स्पर्धा मंगोलियात होती आणि विषय होता तिथली जुनी घोड्यांवरची टपालव्यवस्था. नियम असा की दोनपैकी एक रोबो चार पायांवर चालला पाहिजे, चाकं चालणार नाहीत. त्या वर्षी आपल्या राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मुलांनी कार्यशाळेत रात्र रात्र बसून चौपायी यंत्रं बनवली. वाळूच्या ढिगाऱ्याचं नाव दिलेला अडथळा ओलांडायचा, दोरी ओलांडायची, चढ चढायचा. म्हणजे भाच्याला आज जे प्रश्न पडतात, ते सगळे त्या मुलांनी सोडवले होते.

ती उत्तरं आज कुठे आहेत? भाच्याने शोधली. त्याला कोरियाचे, अमेरिकेचे, जर्मनीचे आराखडे मिळाले. आपल्या गावातल्या मुलांनी केलेला पाय त्याला कुठेही मिळाला नाही.

म्हणून ज्यांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगतो. कुत्रा बनवायला घेऊ नका, आधी एक पाय बनवा. तीन सर्वो, एक बोर्ड, थोडं प्लास्टिक किंवा प्लायवूडच्या पट्ट्या, आणि पाय टेबलाच्या कडेला लाकडी चौकटीवर टांगा. तो पाऊल सरळ रेषेत पुढे नेऊ लागला की मग बाकीचे तीन. खर्च दोन-तीन हजारांत भागेल. लिथियम-पॉलिमर बॅटरी वापराल तर ती चार्ज होताना खोली सोडून जाऊ नका, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. केलेलं सगळं लिहून ठेवा, मराठीत लिहा, आणि खुलं करा. आणि ज्यांच्या कपाटात, जुन्या लॅपटॉपमध्ये २०१९ च्या रोबोकॉनच्या त्या चौपायी यंत्रांचे नकाशे पडून आहेत, त्यांनी ते बाहेर काढावेत. पाय कुठे मोडला, कोणती मोटार जळली, चढावर काय केलं, हे सगळं त्यांच्यासोबत लिहावं. एखाद्या तालुक्याच्या गावी बारावीतली एखादी मुलगी आज तेच शोधत असेल.